मी मशीन नाही, उत्तमराव आहे

ज्या टेलिफोनला विजेचा प्लगच नाही, तो टेलिफोन विकताना दुकानदारानं तोंड उघडायला हवं होतं की नाही, हे आधी तुम्ही मला सांगा. मी काही फुकट मागायला गेलो नव्हतो. सकाळच्या गाडीनं अकोल्याहून बडनेरा, तिथून ऑटोत सातव्या माणसाच्या मांडीवर बसून अमरावती, आणि दुकान उघडेपर्यंत समोरच्या पायरीवर दीड तास, एवढं करून मी तो फोन घेतला. नर्स बापाच्या हातात बाळ देते तसा त्यानं तो माझ्या हातात दिला, आणि बाळाला तोंडच नाही हे सांगितलं नाही.

घरी आणून खोकं उघडलं. फोन मोठा देखणा, काळाभोर, बटणं चाळीस. इंटरनेटची वायर जायला भोक होतं. विजेची वायर मात्र खोक्यात नाही, थर्माकोलात नाही, आणि शकुननं, म्हणजे आमच्या मंडळींनी, कचऱ्याचा डबा उलटा करून दाखवला, तर त्यातही नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बडनेरा, पुन्हा सातवी मांडी.

"काका, याचा करंट इंटरनेटच्या वायरीतूनच येते," दुकानदार म्हणाला. "त्याची डब्बी वेगळी घ्या लागते."

"मंग काल काहून नाही सांगतलं?"

"तुमी पुसलंच नाही."

आता बैलाला पाय किती हे मी पुसायचं का? पण मी संतापलो तरी डबी घेतली, कारण माझी गरज मोठी होती. ती गरज कोणती, ते आता सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला माझ्या संतापाचा नीट हिशोब लागेल.

मी कृषी सहायक म्हणून रिटायर झालो त्या दिवसापासून मला कोणी काही विचारलं नव्हतं. नोकरीत असताना चांदूर रेल्वेपासून बार्शीटाकळीपर्यंत लोक रस्त्यात आडवे होऊन माझी स्कूटर थांबवत. "सायेब, पऱ्हाटी लाल पडली, काय मारू?" एकदा तर एका माणसानं स्वतःच्या लग्नाच्या वरातीत घोडा थांबवून मला तुरीवरच्या अळीबद्दल विचारलं होतं. शकुन म्हणते घोडा नव्हता, जीप होती. असो. रिटायर झाल्यावर तीच स्कूटर तीन वर्षांत एकदाच कोणी थांबवली, आणि तीही "बाजूनं घ्या ना काका" म्हणायला. बोंडअळीनं पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वाट लावल्याचं ते दुसरं वर्ष. लोक हवालदिल झालेले, दुकानवाला देईल ते औषध पंपात ओततात, आणि ज्याच्या डोक्यात सगळ्या अळ्यांच्या कुंडल्या आहेत तो माणूस ओट्यावर बसून शेंगदाणे सोलतो!

अशात पुण्याच्या 'हिरवा कान कृषी सल्ला सेवा' या कंपनीचं पत्र आलं. शेतकरी फोन करतील, आम्ही रिटायर लोकांनी घरबसल्या सल्ला द्यायचा. पंधरा दिवस परीक्षा. फोन करणारा सरासरी तीन मिनिटं तरी फोनवर टिकला पाहिजे. नाही टिकला तर तुम्ही शेंगदाण्यांकडे परत. सोबत सामानाची यादी: इंटरनेटवर चालणारा टेबलफोन एक, बिनवायरचा आवाजरोधक हेडसेट एक. आणि हे दोन्ही आपापल्या खर्चानं. मला त्यात काही वाटलं नाही. कोणी विचारणार होतं, हे पुष्कळ होतं.

यादी गल्लीत वाचली गेली. ती मी वाचून दाखवली नव्हती. पण आमच्या गल्लीत पाकीट फोडल्याचा आवाज चार घरं जातो. पहिले आले खुशालराव. हे टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. खांबावर चढून आयुष्य गेल्यामुळे अजूनही बोलताना खाली बघतात.

"इंटरनेटचा फोन म्हणजे फोनच नाही," ते म्हणाले. "तांब्याची वायर लागते. आवाज तांब्यातून येतो. हवेतून काय येते? धूळ."

मग आले शेजारचे बशीरभाई. यांचा लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा. अकोल्यात बशीर साउंड सर्व्हिसच्या दोन खोक्यांशिवाय कोणाचं लग्न लागलं असेल तर ते कोर्टात लागलं असेल. त्यामुळे बशीरभाईंना जन्मभर दोनच गोष्टी माहीत: आवाज वाढवणे आणि आवाज आणखी वाढवणे.

"उत्तमराव, आवाजरोधक कायले घेता?" ते दुखावल्यासारखे म्हणाले. "आवाज रोकणं हा गुन्हा हाय, भाई. मी तुमाले मंडपातला माइक देतो. इथून बोलसान तं धामणगावले फोनाशिवाय आयकू जाईन."

पण यादी म्हणजे यादी. हेडसेटसाठी मी तिसऱ्यांदा अमरावती गाठली. शंभर मीटरपर्यंत चालतो, आजूबाजूचा कुठलाही आवाज पलीकडे जाऊ देत नाही, अशी खात्री देणारा सगळ्यात भारी हेडसेट घेतला. या वेळी मी शहाणा झालो होतो. म्हणालो, "पुसून राहिलो बरं. याच्यासोबत आणखी काय लागते?"

"काहीच नाही," दुकानदार म्हणाला.

घरी आल्यावर कळलं ते असं. घंटी वाजते, मी हेडसेटचं बटण दाबतो, माझ्या कानात समुद्रासारखी शांतता येते, आणि फोन टेबलावर वाजतच राहतो. कारण रिसीव्हर कोणी उचललेलाच नसतो! तो आपोआप उचलला जायला म्हणे आणखी एक वायर लागते, ती मागवावी लागते, आणि यायला तीन आठवडे. परीक्षा चार दिवसांवर.

इथे बशीरभाई कामाला आले, हे मान्य केलं पाहिजे. मंडपाची कापडं ताणायची छोटी कप्पी त्यांनी आमच्या खिडकीच्या गजाला अडकवली. सुतळीचं एक टोक रिसीव्हरला, सुतळी कप्पीवरून, आणि दुसरं टोक माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला. घंटी वाजली की पाय ताणायचा, रिसीव्हर वर. बोलणं संपलं की पाय सैल, रिसीव्हर खाली. शंभर मीटर हिंडता यावं म्हणून घेतलेला बिनवायरचा हेडसेट कानाला लावून मी अडीच हात सुतळीनं बांधला गेलो.

"बकरी बी लांब जाते याच्याहून," शकुन म्हणाली.

आता राहिली आवाज रोखण्याची चाचणी. बशीरभाईंच्या मनातून तो विषय गेला नव्हता. "पाहू तं खरं कोन जिंकते," म्हणून त्यांनी आपली दोन्ही खोकी आमच्या बैठकीत आणून माझ्या दोन बाजूंना ठेवली. खुशालरावांनी आपल्या घरून कंपनीच्या चाचणीच्या नंबरावर फोन लावला, मी पाय ताणला, आणि बशीरभाईंनी कळ पूर्ण फिरवली. पुढं काय झालं ते मी शपथेवर सांगतो. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सात मिनिटं मागं गेला. समोरच्या लिंबाची अर्धी पानं गळली. खुशालराव म्हणतात ती आधीच गळलेली होती, पण ते तेव्हा घरात होते. मी मात्र शांतपणे बोलत होतो, "हॅलो खुशालराव, मी उत्तमराव."

खुशालराव धावत आले. चेहरा पांढरा. "काहीच नाही! फक्त तुमी! मले तं वाटलं तुमी विहिरीत बसून बोलून राहिले!"

बशीरभाईंनी खोकी बंद केली, हेडसेट हातात घेऊन उलटापालटा पाहिला आणि माझ्या हातात परत दिला. त्या दिवशी ते चहा न घेता गेले. मी मात्र गल्लीत छाती काढून हिंडलो, म्हणजे सुतळी सोडून. तो विजयच माझ्या मुळावर आला, हे तेव्हा कोणाला माहीत!

परीक्षा सुरू झाली. कंपनीच्या गुणवत्ता विभागाच्या गीतांजली मॅडम पुण्याहून सगळं ऐकणार. त्यांनी पहिलं वाक्य लिहून पाठवलं होतं आणि त्यात काना-मात्रेचा फरक करायची मनाई होती. पहिली घंटी वाजली. मी पाय ताणला आणि म्हणालो:

"नमस्कार. हिरवा कान कृषी सल्ला सेवेत आपलं मनःपूर्वक स्वागत आहे. मी आपली काय सहायता करू शकतो?"

पलीकडून कानात आलं: "टूँऽऽ."

मी पुन्हा वाक्य म्हणालो. पुन्हा "टूँऽऽ." मग फोन बंद.

दुसरा फोन. "टूँऽऽ. टूँऽऽ." बंद. तिसऱ्यानं तीनदा टूँ केलं आणि शेजारच्याला म्हणाला, "एक बी दाबला, दोन बी दाबला, नऊ बी दाबला, पुढं जाऊनच नाही राहिलं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि उजेडापाठोपाठ आग. लोक मला मशीन समजत होते! आमच्याकडे शेतकऱ्याच्या फोनात दिवसभर छापील आवाज येतात: विम्याचा, हवामानाचा, निवडणुकीचा, प्लॉट विकणाऱ्याचा. त्यांना अनुभव असा, की जिवंत माणसाच्या मागं कोंबडी ओरडते, कुकर शिटी मारतो, कोणी खोकतं. मागं काहीच वाजत नाही आणि बोलणारा "सहायता" म्हणतो, म्हणजे मशीन. मराठीसाठी एक दाबा. अडतीस वर्षं चिखल तुडवलेला माणूस मी, आणि हे लोक मला दाबत होते!

मॅडमना कळवलं. "मॅडम, एखादं वाक्य आमच्या बोलीत बोलू द्या. नाहीतर हा हेडसेट तरी काढू द्या."

"सर, तुमच्या आवाजाची स्वच्छता आमच्याकडे पहिल्या क्रमांकावर आहे," त्या म्हणाल्या. "दहापैकी दहा. फक्त टिकण्याची सरासरी अकरा सेकंद आहे. थोडी वाढवा ना, प्लीज."

बारा दिवस असे गेले. सरासरी अकराची चौदा सेकंद झाली, आणि तीही एक जण फोन चालू ठेवून बैल धुवायला गेला म्हणून.

तेराव्या दिवशी दुपारी मी जेवायला बसलो होतो. टेबलाजवळच, कारण अंगठा बांधलेला. घंटी वाजली. पाय ताणून वाक्य म्हणालो. टूँऽऽ झालं. पण फोन बंद झाला नाही. एका बाईचा आवाज आला, तोंड दुसरीकडे करून बोलत असलेला.

"मशीन हाय रे, देवमन. बोलू दे त्याले, बोलते अन् आपोआप बंद होते. मले हे बटन सापडत नाही."

मग एका तरुणाचा आवाज. "मी म्हनलंच होतं, आई. दुकानवाल्यानं तीनही औषधं एकाच पंपात टाका म्हनून सांगतलं नं? मंग? दे इकडं, मारून येतो. वारा सुटला हाय, लवकर होईन."

माझा घास हातातच राहिला. मागच्याच वर्षी आमच्या भागात अशाच फवारण्यांनी धडधाकट माणसं दवाखान्यात गेली होती, आणि सगळी परत आली नव्हती. तीन औषधं एका पंपात! वाऱ्यात! भर उन्हात!

"बाई, कृपया थांबा!" मी ओरडलो. "कृपया मुलास फवारणी करू देऊ नका!"

"पाह्य, 'कृपया' म्हनते," बाई म्हणाली. "मशीनच हाय."

मी शकुनला खूण केली. ती बिचारी ताट आणि उलथनं घेऊन माझ्या कानाशी बडवायला लागली. खिडकीतून बशीरभाई दिसले; त्यांनी घरातून भोंगा आणून माझ्या तोंडाजवळ वाजवला. गल्लीतली कुत्री पळाली. पण त्या दुष्ट हेडसेटनं ताट गिळलं, उलथनं गिळलं, भोंगा गिळला. पलीकडे फक्त मी, विहिरीतला. हेडसेट फेकून रिसीव्हर धरावा म्हणून उठलो, तर अंगठ्याला हिसका बसला, कप्पीनं रिसीव्हर छताकडे नेला आणि तो झुंबरासारखा वर फिरायला लागला. तो खाली आणायचा तर पाय सैल करायचा, आणि पाय सैल केला की फोन कट!

"देवमन, नाकाले दुपट्टा बांध," कानात बाई म्हणाली.

आणि मग माझं डोकं फिरलं. बारा दिवसांचं टूँ टूँ, सातवी मांडी, प्लग, डबी, शेंगदाणे, सगळं एकदम वर आलं.

"ओ बाईऽ! कानात बोंडं कोंबले का? मी घसा फोडून राहिलो अन् तुमी मले मशीन म्हन्ता? तीन औषधं एका पंपात कोन टाकते? पोराले मारता का? अन् तू रे देवमन, वाऱ्यात फवारा मारते, दुपट्ट्यानं जहर अडते का? खाली ठेव तो पंप! आधी खाली ठेव! बारा दिवस झाले, ज्याले पाहावं तो मले एक दाबते, दोन दाबते! मी मशीन नाही, उत्तमराव आहे! मानूस आहे मी!"

"देवमन, थांब रे," बाई हळूच म्हणाली. "हे चिडून राहिलं."

"आई, नवीन मशीन असन."

"मशीन कायले चिडन? तिले काय पडलं?" मग तिनं फोन तोंडाजवळ घेतला. "काहो, मानूस हाय तं सांगा, जेवले का तुमी?"

"कायचा जेवतो! तुमच्या फोनानं घास खाऊ देल्ला का?"

"कायची भाजी हाय?"

"भेंडीची! अन् मले भेंडी आवडत नाही!"

माझ्या मागं ताट पडल्याचा आवाज झाला. शकुनला ही गोष्ट छत्तीस वर्षं माहीत नव्हती.

"मानूसच हाय," बाई म्हणाली. "देवमन, ठेव पंप खाली. बोला भाऊ. मी पार्बताबाई, बार्शीटाकळीहून."

त्यानंतर आम्ही तेवीस मिनिटं बोललो. मी सांगितलं, ते मिश्रण मारायचं नाही, विहिरी-नाल्यातही ओतायचं नाही. एका वेळी एकच औषध, तेही सकाळी, वारा पडलेला असताना, हातमोजे आणि अंगभर कपडे घालून. पण त्याआधी दहा-वीस बोंडं फोडून पाहायची, अळी आहे का तरी कळेल. तिनं सगळं देवमनला मोठ्यानं सांगितलं. मग विचारलं, कुठून बोलून राहिले. मी घराचा पत्ता सांगितला, पाण्याच्या टाकीपासून वळण्यासकट. फोन ठेवला तेव्हा अंगठा निळा पडला होता. पण मला कोणीतरी विचारलं होतं, आणि माझं ऐकलं होतं. भेंडी मी त्या दिवशी सगळी संपवली. दुसरा इलाजही नव्हता.

दुसऱ्या दिवशी गुणवत्ता विभागाचा निकाल आला. ठरलेलं वाक्य मोडणे, शून्य. सूर, शून्य. ग्राहकाच्या कानाविषयी अनुदार उल्लेख, उणे पाच. स्वतःचा पत्ता सांगणे, उणे दहा. शेवटी शेरा: कंपनीच्या इतिहासातला सर्वात लांब फोन.

परीक्षा संपली त्या संध्याकाळी मॅडमचा फोन आला. आवाज आनंदी.

"सर, व्यवस्थापनाला तुमचं ते वाक्य फार आवडलं! आपण ते ध्वनिमुद्रित करून सगळ्या फोनवर सुरुवातीला लावलंय. लोक आता थांबतात, सर! पाच-पाच मिनिटं ऐकतात!"

"मंग माझं काम?"

"तेच सांगते. आता रेकॉर्डिंगच इतकं छान चाललंय, की माणसांची तेवढी गरज उरली नाही. पण तुमचे आभार मानायला सांगितलंय."

मला खोटं वाटलं. मी बशीरभाईंच्या मोबाइलवरून नंबर लावला. पलीकडून माझाच आवाज कडाडला: "मी मशीन नाही, उत्तमराव आहे! मानूस आहे मी!" आणि त्याच्या पाठोपाठ एक गोड बाई: "कापसासाठी एक दाबा."

मी एक दाबला. खोटं कशाला सांगू, रागानं दाबला.

फोन खोक्यात गेला, डबी खोक्यात गेली. हेडसेट शकुननं ठेवून घेतला. मी कंपनीबद्दल बोलायला लागलो की ती तो कानांवर चढवते आणि तांदूळ निवडते. भेंडी आता आठवड्यातून तीनदा असते.

महिनाभरानं एक दिवस मी ओट्यावर शेंगदाणे सोलत होतो, तर एक किरकोळ बांध्याची बाई आणि एक उंच तरुण गल्लीत आले. बाईच्या हातात पिशवी. माझ्यासमोर उभी राहून तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दोन बोटांनी माझा दंड चिमटला.

"आई गं!"

"हाय बा," ती मागं वळून म्हणाली. "देवमन, हाय."

पार्बताबाई माझ्या शेजारी बसली. पिशवी पुढं सरकवली. "वांगे हाय. भेंडी नाही आनली."

आत कुठंतरी भांडं आपटलं.

"फोन नाही केला तुमी?" मी विचारलं.

"केला नं. दोन डाव केला. तुमचाच आवाज. म्हने, मी मशीन नाही." तिनं मान हलवली. "पन खोटं बोलते ते. दोन्ही डाव राग तेवढाच, एक सूत कमी नाही का जास्त नाही. मानसाचा राग असा रायते का? म्हनून म्हनलं, एस्टीनं जाऊन पाहू, खरा कोठं ठेवला हाय."

अडतीस वर्षांच्या नोकरीत मला निरोपाची शाल मिळाली, नारळ मिळाला, पण असं कोणी मला एस्टीनं शोधत आलं नव्हतं. मी गंभीरपणे विचारलं, "मंग, पऱ्हाटी कशी हाय?"

"बरी हाय. तुमी सांगतलं तसंच सगळं केलं," ती म्हणाली आणि पदर सारखा करायला लागली. "म्हनजे, आता परवा दुपारी देवमननं थोडंसं मारलं. हातमोजे घरीच राहिले होते. अन् वारा होता, पन लय नव्हता."

मी शेंगदाण्यांचं सूप बाजूला फेकलं आणि उभा राहिलो. त्यानंतर मी काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. बशीरभाई घराबाहेर आले. खुशालराव खाली बघत आले. शकुननं आतून हेडसेट काढून खिडकीला कान लावला. देवमन मान खाली घालून उभा होता आणि त्याचे कान लाल पडलेल्या पऱ्हाटीसारखे झाले होते.

पार्बताबाईनं पाय पसरून भिंतीला पाठ टेकली.

"हां," ती समाधानानं म्हणाली. "आता पटलं. देवमन, वही काढ."